सीताफळाला ओव्हन दाखवू नका!

दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला ओटीजी सध्या काय करतोय? अंदाज सांगू? पहिले दोन आठवडे केक, तिसऱ्या आठवड्यात पिझ्झा आणि आता नुसता टोस्ट. काही घरी तर त्याच्या डोक्यावर पेपरांची चळत आणि चार्जर. अहो, लाजताय काय, हा घरोघरचा किस्सा आहे. केकचं वजनमाप, अंडी फेटणं, ‘मधोमध खड्डा का पडला’ यावर मैत्रिणीशी अर्धा तास फोन... सोमवार ते शुक्रवार डेडलाइनशी झटून आलेल्या माणसाला शनिवारी हे नको असतं. त्याला असं काहीतरी हवं असतं, की फळं चिरली, वर काहीतरी भुरभुरलं, ट्रे आत सरकवला आणि मॅच बघायला मोकळे. दालचिनी-लवंगेचा वास आपोआप बिल्डिंगभर.

ते आज आहेच. पण त्याआधी एक सक्त ताकीद. सीझन सीताफळांचा आहे. नाक्यानाक्यावर टोपल्या लागल्यात, आणि नवा ओव्हन घरात असला की माणसाच्या डोक्यात हमखास येतं : सीताफळाचा केक! सीताफळ पुडिंग! बेक्ड सीताफळ!

प्लीज, नको.

माझ्या रूममेटने मागच्या वर्षी हा उद्योग केला. सहा मोठी फळं, दोन तास बसून काढलेला गर, वर बदाम, सगळा थाट. केक फुगला झकास, रंगही छान आला. पहिला घास घेतला आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. कारल्याची आठवण यावी असा कडवटपणा! तिला वाटलं बेकिंग पावडर जास्त झाली. मला वाटलं बिया भरडल्या गेल्या. शेवटी तिने अंबाजोगाईला माझ्या मावशीला फोन लावला. मावशी अर्ध्या वाक्यातच हसायला लागली. ‘‘अगं, सीताफळ कुणी चुलीवर ठेवतं का बाई?’’

मावशीने विज्ञान शिकलेलं नाही, पण मुद्दा शंभर टक्के विज्ञानाचा आहे. सीताफळाचा गर साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्यात कडवट चव उतरते. केक भाजताना त्याचं पोट आतून नव्वदीच्या पुढे जातं, म्हणजे खेळ खल्लास. म्हणूनच आंब्याचा रस डबाबंद होऊन वर्षभर मिळतो आणि सीताफळाचा गर मात्र गोठवूनच विकावा लागतो. आता आठवा बरं, सीताफळाचे तुम्ही खाल्लेले हिट आयटम कोणते? आइस्क्रीम. मिल्कशेक. रबडी. बासुंदी. सगळे गार! १९८४ साली जुहूत सुरू झालेल्या नॅचरल्सने सीताफळ आइस्क्रीम शहरभर नेलं, ती चव थंडच. बासुंदीतसुद्धा दूध आटवून, पूर्ण निववून, मग शेवटी गर घालतात. आपल्या आज्यांना थर्मामीटर ठाऊक नव्हता, पण हा नियम पक्का ठाऊक होता.

मग ओव्हनचं काय? तर ओव्हनमध्ये दुसरी फळं जातील, मसाल्यात न्हाऊन, गरमागरम होऊन बाहेर येतील, आणि सीताफळ फ्रिजमधून थेट त्यांच्या डोक्यावर. इंग्रज लोक भाजलेल्या फळांवर कस्टर्ड ओततात. पावडरचं, पिवळंधम्मक. त्याच इंग्रजांनी आपल्या सीताफळाचा गर बघून त्याला ‘कस्टर्ड अ‍ॅपल’ म्हटलं. म्हणजे झाडावर रेडीमेड कस्टर्ड लागतंय आणि आपण डब्यातली पावडर दुधात कालवतोय. कमाल आहे की नाही?

आता हे बीडचं बालाघाट सीताफळ म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडं सांगते, कारण पुण्यामुंबईत ‘बीड’ म्हटलं की लोकांना दुष्काळ आणि राजकारण यापलीकडे काही आठवत नाही. जिल्ह्याच्या मधून बालाघाटाचे डोंगर गेलेत. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी, बीड... या पट्ट्यात माळरानावर, बांधावर, खडकाच्या फटीत सीताफळाची झाडं आहेत. बहुतेक कुणी लावलेली नाहीत. पाणी घालायला कुणी जात नाही. शेळी-मेंढी त्यांचा पाला खात नाही, त्यामुळे राखणीची भानगड नाही. पाऊस झाला की झाड फुटतं, दसऱ्याच्या आगेमागे फळ तयार. नावात सीता असली तरी झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं असं मानतात. पण आता ते इतकं इथलं झालंय, की ‘बीड सीताफळ’ला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं. म्हणजे दार्जिलिंगच्या चहासारखा कायदेशीर मान. अंबाजोगाईत परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर-६’ नावाचं वाण याच मातीतल्या झाडातून निवडलेलं.

एवढं असून पुण्यातल्या फळवाल्याला ‘बीडचं आहे का’ विचारा, तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. इथे येणारा बराचसा माल पुरंदर-सासवडचा, शिवाय शेजारच्या बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी शोधलेलं ‘गोल्डन’. गोल्डन दिसायला देखणं, गर भरपूर, बिया कमी, टिकतंही जास्त. त्याची लागवड वाढतेय यात नवल नाही. पण चवीत? माझं मत विचाराल तर डोंगरातलं छोटं, बियांनी भरलेलं, रवाळ गराचं सीताफळ त्याला दहा वेळा हरवेल. मी पक्षपाती आहे, मान्य. मावशीचं गाव पडलं ना!

बरं, बेकिंगकडे वळू. बीड जिल्हा आणि बेकिंग हे दोन शब्द एका वाक्यात वाचून हसू येतंय का? थांबा. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात दिवाळीच्या आधी आठ दिवस बेकरीसमोर जाऊन उभे राहा. बायांची रांग असते. प्रत्येकीच्या हातात स्टीलचा डबा नाहीतर पातेलं, आत मैदा, रवा, बेसन, तूप, पिठीसाखर, वर वेलचीची पुडी. सामान आपलं, भट्टी त्याची. काही जणी घरूनच मळून आणतात, काही तिथेच बसून मळतात. बेकरीवाला पत्र्याचे ट्रे देतो. बायका-पोरं मिळून गोळे वळून त्यावर मांडतात, प्रत्येकावर बोटाने खळगा करून चारोळी दाबतात. मग ते ट्रे लाकडी फळीवरून भट्टीत जातात. किलोमागे भाजायचे पैसे द्यायचे आणि गरम नानकटाई डब्यात भरून घरी यायचं. ‘आमचा ट्रे कुठला, तुमचा कुठला’ यावरून दरवर्षी एखादं भांडण ठरलेलं. आमच्या लहानपणी तो डबा घरी पोचेपर्यंत एकतृतीयांश रिकामा झालेला असायचा. (घरात ओव्हन नसताना अख्खं गाव बेक करत होतं, हे जरा आपल्या इन्स्टावाल्या मैत्रिणींना सांगा.)

नानकटाईचा उगम सुरतेत डचांच्या बेकरीत झाला असं सांगतात. तिकडून ती कशी का आली असेना, मराठवाड्यात ती दिवाळीच्या फराळाची घरची मेंबर आहे. आणि आजच्या पदार्थाचं गुपितही तीच आहे.

पदार्थाचं नाव क्रंबल. खाली मसाल्यातली फळं, वर मैदा-लोणी-साखरेचा चुरा, आणि ओव्हन. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात लोणी रेशनवर मिळायला लागलं तेव्हा पायच्या पारीऐवजी नुसता चुरा भुरभुरून भागवायची ही युक्ती घराघरात पोचली, असं म्हणतात. टंचाईतलं पक्वान्न! बीडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आता या चुऱ्याची कृती बघताना माझ्या लक्षात आलं, ही तर न वळलेली नानकटाई आहे. तेच मैदा, तेच स्निग्ध, तीच पिठीसाखर. मग लोण्याऐवजी तूप, थोडं बेसन, थोडा रवा आणि वेलची घातली, की झालं आपलं नानकटाई क्रंबल. इंग्रजी क्रंबलपेक्षा खमंग. बेसन भाजल्याचा जो वास सुटतो ना, त्यापुढे त्यांचं लोणी फिकं.

फळं कोणती? सफरचंद आणि पेरू. सफरचंद या दिवसांत काश्मीर-हिमाचलहून भरपूर येतं आणि पेरू आपला. नुसतं सफरचंद घातलं तर पदार्थ परदेशी लागतो, नुसता पेरू घातला तर जरा दडस होतो. दोन्ही मिळून मस्त जमतं, कारण पेरूत पेक्टिन खूप, ज्यामुळे जॅम-जेली आळते. त्यामुळे रस आपोआप दाट होतो, कॉर्नफ्लोअर वगैरे घालायची गरज नाही. मोसंबीचा मोह होईल, जालना-बीडकडची मोसंबी बाजारात असतेच, पण तिचा रस काढून ठेवला, तापवला की कडवट होतो. मराठवाड्याच्या या दोन्ही फळांचा स्वभाव एकच, उगाच तापवलेलं चालत नाही. आंबटपणाला साधं लिंबू घ्या.

चार-पाच जणांसाठी तीन मध्यम सफरचंदं आणि तीन पेरू. पेरू पांढऱ्या गराचे, दाबल्यावर किंचित दबणारे, पण लिबलिबीत नकोत. सफरचंदाची सालं काढायचा आळस केला तरी चालेल, मी करते. पेरूचा बियांचा गाभा मात्र चमच्याने कोरून काढा. तो फेकायचा नाही! दोन-तीन चमचे पाणी घालून गाळणीवर घासा, बिया वर राहतील, खाली दाट गर पडेल. सगळं पेक्टिन त्यातच. बाकीच्या फोडी बोटभर जाडीच्या करा. फार बारीक चिरल्या तर शेवटी लगदा होतो.

कढईत एक चमचा तूप, त्यावर फोडी, पेरूचा गर, चार टेबलस्पून किसलेला गूळ, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. मसाला : अर्धा चमचा दालचिनी पूड, चार लवंगा कुटून, पाव चमचा सुंठ आणि जायफळ किसणीवर चार-पाच वेळा घासून. बस्स. सुपरमार्केटमध्ये ‘मिक्स स्पाइस’ची इंपोर्टेड बाटली दिसेल, तिच्या किमतीत घरचा वर्षाचा मसाला येतो. दालचिनी मात्र पूड विकत आणण्यापेक्षा काडी तव्यावर गरम करून घरी कुटलेली बरी. फरक कळतो. पाच-सात मिनिटं मध्यम आचेवर परता, गूळ विरघळून फोडींना चकाकी आली की बंद. फोड शिजायला नको, अंगाला मसाला लागला म्हणजे पुरे. हे सगळं आठ इंची काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ओता.

आता चुरा. १०० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, ७५ ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा वेलची पूड, चिमूटभर मीठ. त्यात ७५ ग्रॅम तूप, थिजलेलं. पातळ तूप ओतलंत तर चुरा न होता लापशी होईल. पुण्याच्या उकाड्यात तूप पातळच असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बोटांच्या टोकांनी चोळत जा, रवाळ झालं की मुठीने दाबून सोडा, म्हणजे हरभऱ्याएवढे खडे तयार होतात. हे खडेच नंतर कुरकुरीत लागतात. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडं कूट घातलं तर आणखी बहार. बदामाचे काप घाला म्हणणारे म्हणोत, मला इथे शेंगदाणाच आवडतो. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं : पिठं दोन भाग, तूप एक, साखर एक. वजनकाटा नसेल तर वाटीने अंदाजे घ्या, क्रंबल केकसारखा हिशेबाला कडक नाही. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, अंडं नाही. आजीलाही देता येतं.

फळांवर चुरा नुसता पसरा, थापू नका. ओव्हन आधी दहा मिनिटं १८० अंशांवर तापवलेला हवा. मग ३५ ते ४० मिनिटं. वरचे खडे बदामी झाले आणि कडेने गुळाचा रस बुडबुडे काढायला लागला की झालं. नुसत्या साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे करू नका, चुरा ओलाच राहील. कन्व्हेक्शन मोड असेल तरच.

ओव्हनच नाही? हॉस्टेलवाल्यांनो, पीजीवाल्यांनो, तुमच्यासाठीही आहे. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड किंवा पालथी वाटी, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. आत अ‍ॅल्युमिनियमचं भांडं ठेवून मंद-मध्यम आचेवर ४५ मिनिटं. काच मात्र इथे वापरायची नाही. या पद्धतीत वरून रंग येत नाही, म्हणून चुरा आधी वेगळ्या कढईत मंद आचेवर खमंग भाजून घ्या आणि फळं मऊ झाल्यावर शेवटची दहा मिनिटं वर पसरा. उलट मला हा चुरा जास्त खुसखुशीत वाटतो.

हे सगळं चालू असताना सीताफळ आधीच तयार हवं. खरं तर आदल्या रात्रीच.

निवडताना डोळ्यांकडे बघा. सीताफळाचे डोळे मोठे झालेले, दोन डोळ्यांमधली फट रुंदावून पिवळसर-पांढरी झालेली, म्हणजे फळ झाडावर पूर्ण तयार झालंय. डोळे एकमेकांना चिकटलेले असतील तर ते फळ कोवळं उतरवलंय. पिकल्यासारखं मऊ होईल पण गोडी येणार नाही. कडक फळ घरी आणून कागदात गुंडाळून किंवा तांदळाच्या डब्यात ठेवा, दोन-चार दिवसांत पिकेल. कडक असताना फ्रिजमध्ये ठेवलंत तर काळं पडतं आणि पिकतच नाही. पिकल्यावर मात्र त्याच दिवशी खा, फार तर एक दिवस फ्रिज.

गर काढायचं काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. फळ फोडून गर स्टीलच्या मोठ्या चाळणीत घ्या आणि चमच्याने गोल-गोल घासत राहा. मिक्सरमध्ये बियांसकट अजिबात फिरवायचं नाही. सीताफळाची बी विषारी असते. अख्खी गिळली गेली तर सहसा तशीच बाहेर पडते, पण फुटली, भरडली की धोका. तिची पूड उवा मारायला आणि किडीवर वापरतात, आणि डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. म्हणून बिया मोजून बाजूला, हात धुवून मगच चष्मा-लेन्सला हात.

अर्धा लिटर दूध निम्मं होईपर्यंत आटवा, चमचाभर साखर, पूर्ण गार करा, मग फ्रिजमध्ये टाका. दूध चांगलं थंड झालं की त्यात वाटी-दीड वाटी गर मिसळा. वेलची नको, केशर नको. सीताफळाचा स्वतःचा वास पुरेसा आहे आणि खाली मसाल्याची फौज आहेच. क्रंबल ओव्हनमधून निघालं की पंधरा मिनिटं दम धरा. उकळत्या फळांवर हे दूध ओतलंत तर लिंबामुळे फाटेल. कोमट क्रंबल बाऊलमध्ये, वर गारेगार सीताफळ. एका चमच्यात गरम-थंड, कुरकुरीत-मऊ, सुंठीचा ठसका आणि तो रवाळ गर. सॉलिड!

इथे थांबायला हरकत नव्हती, पण ही फळं आणायला मी ऑक्टोबरमध्ये धारूरकडे गेले होते आणि त्याबद्दल न सांगता सीताफळावर लिहिणं मला जमणार नाही.

धारूरच्या घाटात रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बाया बसलेल्या असतात. दसऱ्याच्या आधी तरण्या बायका दिसतात, पोरं-पोरी आवाज देत गाडीमागे धावतात. मी गेले तेव्हा दसरा उलटून गेला होता. बसलेल्या जवळपास सगळ्या साठीच्या पुढच्या. एका आजीसमोर दोन पाट्या भरलेल्या, तिसरीतली फळं मऊ पडायला लागलेली. ‘‘किती घेतीस माय? समदं घे, मी भाव कमी लावते.’’ एवढी फळं एकटीने उतरवली का, असं विचारलं. ‘‘मपला लेक न् सून गेली कारखान्याला. कोयता हाय त्यांचा. मागं मी न् दोन नातवंडं. डोंगरात अजून लई हाय, पर उतरायचं कुणी?’’

कोयता म्हणजे हत्यार नाही. ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर राहायचं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं अशी जातात. दसरा झाला की ट्रॅक्टर-ट्रक भरायला लागतात आणि नेमकं तेव्हाच, अगदी त्याच पंधरवड्यात, डोंगरातलं सीताफळ पिकायला येतं. झाड फुकट, पाणी फुकट, मानांकन मिळालेलं, शहरात मागणी. फक्त तोडणारे हात त्या वेळी दुसरीकडे ऊस तोडत असतात. फळ थांबत नाही. झाडावर तयार झालं की तीन-चार दिवसांत खेळ संपतो, एक तर पाखरांचं नाहीतर मातीचं.

लोक सहज म्हणतात, मग गर काढून गोठवा की! काही ठिकाणी बचत गट ते करतातही. पण वरची कृती आठवा. वाटीभर गराला आपला अर्धा तास जातो, आणि नंतर डीप फ्रीजर चोवीस तास चालू लागतो. ज्या वाडीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, तिथे विजेचं काय सांगावं! गोठलेला गर पुण्यापर्यंत आणायचा तर थंड गाडी हवी. बीड शहराला पहिली रेल्वे दिसायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, तीही अहिल्यानगरपर्यंतची. नाजूक फळाच्या वाहतुकीचं बाकी चित्र त्यावरून समजून घ्या.

आणि माझ्या कृतीतला तो चार टेबलस्पून गूळ, ती ७५ ग्रॅम पिठीसाखर? ती कुठल्या तरी फडातून आलेली. त्या आजीच्या सुनेनेच तोडला असेल असं नाही, पण तिच्यासारख्याच कुणीतरी. खाली साखर, वर सीताफळ. एका बाऊलमध्ये दोन्ही आली, पण एकाच घरातल्या माणसांना दोन्हीकडे एका वेळी असता येत नाही. खाताना मला हे आठवतं. तुम्हाला आठवलंच पाहिजे असं नाही.

आजीकडून मी दीड पाटी घेतली. पुण्यात चार फळांना जे मोजते, त्याच्या आसपास. मऊ पडलेली फळं ती फुकट देत होती, त्यांचेही पैसे दिले तर म्हणाली, ‘‘हे तर मी शेळीम्होरं टाकणार हुते.’’ त्या मऊ फळांचाच गर सगळ्यात गोड निघाला. पिकून तडकलेलं सीताफळ दिसायला कसंही असो, टाकू नका. त्यातला आंबलेला वास नसेल तर ते सोनं आहे.

आता प्रॅक्टिकल प्रश्न. बीडचं सीताफळ पुण्यात मिळवायचं कसं? एकतर बीड-अंबाजोगाई-परळीची माणसं तुमच्या ऑफिसात आहेतच. हिंजवडी-खराडीत कुठलाही फ्लोअर घ्या, दोन-तीन तरी सापडतील. सणाला गावी जाताना त्यांच्या हाती ऑर्डर द्या, आणि पैसे आधी द्या, ‘आल्यावर बघू’ म्हणू नका. दुसरं, स्वतः जा. नगरमार्गे बीड, तिथून केज, धारूर. अंबाजोगाईला योगेश्वरीचं देऊळ आहे, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, धारूरला किल्ला आहे. वीकेंडला महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी मोकळा. गाडीत फळं कडक असतानाच भरा, एकावर एक दोन थरांपेक्षा जास्त नाहीत, मध्ये कडुनिंबाचा पाला किंवा पेपर. मागच्या सीटवर ठेवा, डिकीत तापतात.

जास्त गर निघाला तर पाव किलोला दोन चमचे साखर मिसळून छोट्या डब्यांत घट्ट दाबून भरा. वर हवा राहिली की तपकिरी पडतो. फ्रीजरमध्ये महिनाभर छान राहतो. वापरताना फ्रिजमध्येच रात्रभर वितळू द्या. घाई झाली म्हणून मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट... नाही! सुरुवातीची ताकीद तिथेही लागू.

क्रंबल मात्र उरलं तर दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण ठेवून गरम करा, चुरा परत कुरकुरीत होतो. मावशीला मी डबा भरून पाठवला होता. तिचा निरोप आला, ‘‘चव चांगली आहे. पण नानकटाई वळायचा एवढा कंटाळा असेल तर ट्रे घेऊन इकडे ये, भट्टीवाला अजून ओळखतो आपल्याला.’’